हत्याराची मूठ आणि एका ओळीत उरकलेले छिद्र : माझा अनुभव

लेथवर लाकूड कातण्याच्या हत्यारांना मूठ कशी करावी, याविषयी मी जे जे वाचले, त्यात लाकडाची निवड, मुठीचा आकार आणि शेवटचे तेलपाणी यांवर परिच्छेदामागून परिच्छेद होते. आणि जिथे सगळे काम अडून बसते तो टप्पा मात्र ‘दांड्याच्या टोकाला योग्य मापाचे छिद्र पाडून घ्यावे’ एवढ्या एका वाक्यात उरकलेला होता. त्या वाक्यावरचा माझा राग अजून पुरता ओसरलेला नाही. आज माझ्या गाऊजपासून (पन्हळीसारख्या पात्याच्या हत्यारापासून) पार्टिंग टूलपर्यंत (लाकूड कापून वेगळे करणाऱ्या पातळ हत्यारापर्यंत) सर्व हत्यारांना मीच केलेल्या मुठी आहेत आणि त्या सरळ आहेत, हे मी थोड्या अभिमानानेच सांगतो. परंतु तिथपर्यंत पोहोचण्यात गेलेला बहुतेक वेळ त्या एका छिद्राने खाल्ला.

लाकडाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. टणक, पूर्ण वाळलेले आणि सरळ रेषांचे लाकूड घ्यावे. ऍश, बीच, मेपल, बाभूळ यांपैकी जे हाती येईल ते चालते. गाठ असलेला तुकडा कितीही देखणा दिसला तरी बाजूला ठेवावा, कारण हत्यार अचानक अडकते तेव्हा तो धक्का मुठीलाच सोसावा लागतो. साध्या खांब-पायांच्या कामाच्या हत्याराला 250 ते 300 मिलिमीटर लांबीची मूठ पुरते. वाडगे पोखरताना हत्याराचे टोक टूल रेस्टच्या, म्हणजे हत्यार टेकवायच्या आडव्या आधाराच्या, बरेच पुढे जाते, म्हणून त्या गाऊजला 400 मिलिमीटर किंवा त्याहूनही लांब मूठ हवी. दांडा गोल करणे, त्याला पोट आणि मान देणे हे लेथवर थोडाफार हात बसलेल्या कोणालाही जमते, म्हणून ते सोडून देतो.

आता त्या छिद्राकडे वळतो. वाडग्याचा गाऊज बहुधा गोल सळईतून घडवलेला असतो आणि त्याची सळई मुठीत 75 ते 100 मिलिमीटर खोल बसवावी लागते. हे छिद्र लाकडाच्या तोंडातून, म्हणजे तंतूंच्या लांबीच्या दिशेने पाडायचे असते, आणि लाकूड इथेच आडमुठेपणा करते. वर्षावलयांत मऊ आणि टणक थर आलटून पालटून असतात. ड्रिल बिटाचे टोक टणक थरावर टेकले की घसरून मऊ थराकडे वळते आणि एकदा वळले की खोल जाताना तीच वाट धरते. तोंडाशी छिद्र अगदी मधोमध दिसते आणि तळाशी ते भलतीकडे पाहत असते. हे वरून कळत नाही. आत सळई घालून दुरून पाहिले की कळते.

एवढ्याशा तिरकेपणाने काय बिघडते, असे कोणाला वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. छिद्र केवळ 1 अंशाने तिरके असले, तर मुठीबाहेर 250 मिलिमीटर आलेल्या हत्याराचे टोक अक्षापासून 4 मिलिमीटरहून अधिक बाजूला जाते. स्क्रेपरसारख्या न वळवता धरायच्या हत्याराला याचा विशेष त्रास नाही. परंतु गाऊज सतत बोटांत फिरवत चालवावा लागतो, आणि तिरक्या मुठीचा गाऊज फिरवला की मुठीचे मागचे टोक हवेत वर्तुळ काढू लागते व हाताला धारेची दिशा समजेनाशी होते.

उपाय म्हणून सांगितले जाते ते असे : दांडा लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरावा, ड्रिल बिट समोरच्या, पुढेमागे सरकणाऱ्या टेलस्टॉकमध्ये लावावे आणि फिरत्या लाकडात स्थिर बिट पुढे सरकवावे. पद्धत उत्तम आहे, कारण लाकूड फिरत असले की बिट पुष्कळसे आपोआप मध्यावर राहते. मात्र 400 मिलिमीटरचा दांडा, त्यापुढे लांब बिट आणि त्यामागे ड्रिलचा चक ही सगळी वरात छोट्या लेथवर मावत नाही, हे सांगण्याची तसदी कोणी घेतलेली नव्हती. शिवाय एवढा लांब दांडा एका टोकाला धरून फिरवला, तर दुसरे टोक थरथरू लागते आणि त्याला मध्ये आधार देणारी स्टेडी रेस्ट लागते. उभ्या ड्रिल मशीनची गतही तीच. टेबल तळापर्यंत उतरवले तरी दांडा आणि बिट मिळून उंचीत बसत नाहीत. उरते हातातले ड्रिल. दांडा शिकंजात उभा आवळून, दोन बाजूंना दोन गुण्ये उभे करून त्यांच्या नजरेने मी छिद्रे पाडली, आणि प्रत्येक वेळी लाकडाने आपलेच म्हणणे खरे केले.

सुटका झाली ती कामाचा क्रम उलटा केल्यावर. दांडा आधी गोल करून मग त्याच्या मधोमध छिद्र शोधत बसण्याचे कारणच नाही. चौकोनी तुकड्यातच आधी छिद्र पाडावे, ते जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यावे आणि नंतर त्या छिद्राभोवती मूठ कातावी. पुष्कळ जण छिद्राच्या तोंडात लाइव्ह सेंटरचा, म्हणजे टेलस्टॉकवरच्या, लाकडाबरोबर फिरणाऱ्या टोकाचा, शंकू बसवून दांडा कातायला घेतात. त्याने फक्त तोंड मध्यावर येते, आतला तिरकेपणा तसाच राहतो. म्हणून त्याआधी एक काम करावे लागते. हत्याराच्या सळईइतक्याच जाडीचा सरळ गज छिद्रात घट्ट बसवावा आणि त्याचे बाहेर आलेले टोक हेडस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या बाजूच्या, चकमध्ये पकडावे. लेथ सुरू करायचा नाही. दांड्याला खालून हाताचा आधार देऊन टेलस्टॉक पुढे आणला, की त्याचे टोक दांड्याच्या मागच्या तोंडावर जिथे टेकेल, ते छिद्राच्या खऱ्या अक्षावरचे ठिकाण. ते तुकड्याच्या मध्यावरच्या जुन्या खुणेपासून बरेच सरकलेले असते. तिथे नवी खूण करून गज काढावा, नव्या खुणेवर लाकडाला फिरवणारे ड्राइव्ह सेंटर आणि छिद्राच्या तोंडात शंकू बसवावा, आणि मग निश्चिंत मनाने कातावे.

यासाठी तुकडा जाड हवा, आणि काटकसरी मनाला ते पटत नाही. 400 मिलिमीटर लांबीवर 1 अंशाचा तिरकेपणा मागच्या टोकाला सुमारे 7 मिलिमीटरने सरकतो. 50 मिलिमीटर चौरस तुकड्यातून तरीही 35 मिलिमीटर जाडीची मूठ निघते, 45 मध्ये ती निघत नाही.

ज्यांचा लेथ पुरेसा लांब आहे, त्यांनी टेलस्टॉकमधूनच छिद्र पाडावे, पण दर 10–15 मिलिमीटरला बिट मागे घेऊन भुसा काढावा आणि मागे घेताना ड्रिलचा चक हाताने घट्ट धरून ठेवावा. नाहीतर चकचा निमुळता खुंट टेलस्टॉकमधून सुटतो आणि सगळा चक लाकडाबरोबर गरगर फिरू लागतो.

चपट्या, निमुळत्या टँगच्या (मुठीत घुसणाऱ्या शेपटाच्या) हत्यारांना एका जाडीचे छिद्र चालत नाही. तोंडाशी रुंद आणि आत क्रमाने बारीक अशा दोन-तीन बिटांनी ते पायऱ्यापायऱ्यांचे करावे. इथेच आठवले म्हणून सांगतो, अशा टँगचा रफिंग गाऊज (चौकोनी तुकडा गोल करायचे हत्यार) कितीही मजबूत मुठीत बसवला तरी वाडग्यावर वापरू नये. आडव्या तंतूंत तो अडकला, तर मूठ नव्हे, टँगच मोडते.

मुठीच्या तोंडावरचे धातूचे कडे, म्हणजे फेरूल, तांब्याच्या किंवा पितळेच्या नळीतून सहज होते. पाइप कटरने नळी कापली तर आतल्या बाजूला कड वळते, ती कानशीने काढून मगच आतला व्यास मोजावा आणि लाकूड त्याहून किंचित जाड ठेवून कडे ठोकून बसवावे. टँगच्या हत्यारांत हे कडे हत्यार ठोकण्याआधी बसलेले हवे, कारण लाकूड चिरू न देणे हेच त्याचे काम आहे.

गोल सळई इपॉक्सीने चिकटवताना ती आतल्या कोंडलेल्या हवेमुळे पुनःपुन्हा बाहेर येते. सळईवर लांबीच्या दिशेने कानशीने एक बारीक खाच पाडली की हवेला वाट मिळते. सळई आधी पॉलिश पेपरने खरबरीत करून स्पिरिटने पुसावी, आणि इपॉक्सी छिद्रात ओतण्याऐवजी त्याच्या भिंतींना लावावे.

मुठीला 180 नंबरपेक्षा बारीक पॉलिश पेपर लावण्याची गरज नाही, आणि चकचकीत व्हार्निश तर मुळीच नको. घामेजलेल्या हातातून ते निसटते. जवसाच्या तेलाचे दोन हात पुरेत. तेलाचे फडके मात्र चुरगाळून टाकू नये. ते वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून उघड्यावर पसरून वाळवावे. आणि प्रत्येक मुठीचा आकार किंवा लाकूड थोडे वेगळे ठेवावे, म्हणजे ढलप्यांच्या ढिगातून फक्त शेपटे दिसत असली तरी हवे तेच हत्यार हाती येते.