वद्य नवमी, भांगाची भरती आणि निळं पाणी

बडोद्याचा मराठी माणूस अंदमानला निघाला की यादीत सेल्युलर जेल पहिलं. हल्ली त्याखाली आणखी एक ओळ असते: स्वराज द्वीपच्या (जुनं हॅवलॉक) खाडीत रात्री कयाकमधून (वल्ह्याची चिंचोळी होडी) चमकणारं पाणी बघणं. बहुतेक जण सुट्ट्या बघून बुकिंग करतात आणि ऐन पौर्णिमेच्या चांदण्यात खाडीत जाऊन बसतात. पाणी चमकत असतं, पण दिसत काहीच नाही.

तारीख ठरवायला कालनिर्णय काढा. संकष्टीला उपास सोडायला आपण चंद्रोदय बघतोच, तेच कोष्टक इथे कामाला येतं. फक्त अंदमान आपल्या वीस रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र एकच, त्यामुळे तिथे चंद्र साधारण सव्वा ते दीड तास आधी उगवतो. बडोद्यात नऊचा चंद्रोदय म्हणजे तिथे पावणेआठच्या सुमाराला. सूर्यही लवकर जातो: डिसेंबरात पाचच्या आसपास मावळतो, सव्वासहाला गडद अंधार. म्हणजे संकष्टीलाही तास-दीड तास मिळतो. पुढे रोज साधारण पाऊण तासाची भर.

‘अमावास्येलाच या’ असं सगळे सांगतात. अंधारापुरतं ते खरं, पण अमावास्येला उधाण असतं. तिथे भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. खारफुटीच्या अरुंद फाट्यात ओहोटी लागली की कयाक चिखलात रुततं, आणि उतरून ढकलायला गेलं तर पाय गुडघ्यापर्यंत आत. माझ्या मते वद्य नवमी-दशमी सर्वांत सोयीची. चंद्र उशिरा उगवतो, भरती भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, लहान असते, ओढ कमी लागते. कोकणातला ‘तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ’ हा हिशेब मात्र तिथे लावू नका. पोर्ट ब्लेअरचं (आता श्री विजयपुरम) भरतीचं कोष्टक बघा आणि परतताना फाट्यात पाणी किती असेल ते गाइडला विचारा.

हा उजेड एकपेशीय जिवांचा, डायनोफ्लॅजेलेटचा. पाणी ढवळलं की पेशीवर ताण येतो, आतल्या बारीक कणांत आम्लता वाढते, ल्युसिफेरिन नावाच्या रसायनाची क्रिया होते आणि सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी निळी ठिणगी उडते. पाण्यात बोट फिरवलं की मागे ठिपक्यांची रेघ उठते. ओंजळ भरून घेतली तर मनगटावरून ओघळताना एखादा ठिपका लकाकतो. वल्ह्याच्या पात्याभोवती भोवरा पेटतो, खालून मासा पळाला तर नुसता निळा फराटा. एकाच जागी बदाबदा पाणी मारत राहिलं तर उजेड मंदावतो, कारण पेशींतला साठा संपतो. थोडं पुढे सरकायचं.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकाने मोबाइल उघडला की सगळ्यांची तेवढी मिनिटं वाया. बॅटरी लागलीच तर लाल उजेडाची. फोटोचं म्हणाल तर हलत्या कयाकमधून लांब एक्स्पोजर घेतलं की पुसट पट्टेच येतात. हवाच असेल तर किनाऱ्यावर ट्रायपॉड लावून घ्या.

कयाक बहुधा दोघांचं, वर बसायचं असतं. पुढच्याने लय धरायची, मागच्याने वळवायचं. नवरा-बायकोचं भांडण इथेच सुरू होतं, कारण दोघंही वळवायला जातात. वल्हं कुठे धरायचं ते घरीच काठीवर बघून ठेवा: काठी डोक्यावर आडवी ठेवली की दोन्ही कोपर काटकोनात यायला हवेत. प्रत्यक्ष सराव विश्वामित्रीत करू नका, हे बडोदेकराला सांगायला नको. अंदमानच्या खाड्यांतही खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, म्हणून ‘या फाट्यात अलीकडे मगर दिसली का?’ हा गाइडला विचारायचा पहिला प्रश्न. उत्तर उडवाउडवीचं आलं तर पैसे सोडून द्या, पण जाऊ नका.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे. त्याला शिट्टी हवी. चष्म्याला दोरी बांधा. सुती कपडे आणि जीन्स नकोत, भिजल्यावर जड होतात आणि गार पडतात. लांब बाह्यांचा सिंथेटिक टी-शर्ट बरा, त्याने डासांपासूनही बचाव होतो. डासांचं मलम तासभर आधी लावून हात धुऊन टाका, ते पाण्यात उतरू नये.

कयाक उलटलं तर आधी ते पकडायचं, वल्हं नंतर. दोघांनी मिळून सुलटं करायचं, एकाने पलीकडून दाबून धरायचं, दुसऱ्याने मधोमध पोटावर चढायचं, मग कूस बदलून बसायचं. टोकाकडून चढायला गेलं की ते पुन्हा कलंडतं. वर बसायच्या कयाकला तळापर्यंत आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी तिथूनच निघून जातं, म्हणून ती बोळे घालून बुजवू नका.