मेहेर सिग्नलवरचा हिशोब

परवा मेहेर सिग्नलला लाल लागला आणि माझी नजर सवयीने वर गेली. अप्पा वायरमन होते, त्यामुळे दिवा दिसला की तो किती वॅटचा, हे मनात येतंच. त्यात पुढे रिक्षा आडवी, म्हणजे वेळच वेळ.

लाल दिवा म्हणजे बारीक ठिपक्यांची चकती. दोन ठिपके गेलेले, पण दिवा चालूच. जुन्या सिग्नलमध्ये एकच बल्ब असायचा. तो उडाला की अख्खा लाल गायब आणि चौकात बोंबाबोंब!

त्या बल्बचा उजेड पांढरट-पिवळा. पुढची लाल काच त्यातला फक्त लाल सोडायची, बाकीचा गिळायची. शिवाय बहुतेक वीज उष्णतेतच जायची. एलईडी मुळातच लाल उजेड देतो, गाळायचा प्रश्नच नाही.

उभ्या उभ्या हिशोब केला. तिन्हीतला एक दिवा कायम पेटलेला. शंभर वॅटचा बल्ब धरला तर चोवीस तासांत २.४ युनिट. चार रस्त्यांचे चार धरले तर वर्षाला साधारण ३,५०० युनिट. बारा वॅटच्या एलईडीला तेच काम ४२० मध्ये.

अजून एक. सकाळी ऊन पाठीमागून आलं की जुन्या दिव्यांच्या आतली चकचकीत वाटी ते परत फेकायची, तिन्ही पेटल्यासारखे दिसायचे. अप्पा तेव्हा सायकलवरून उतरून पलीकडच्या गाड्या थांबल्यात का ते बघायचे.

तेवढ्यात हिरवा लागला. मागच्याने हॉर्न दिलाच.