व्याह्यांच्या पहिल्या जेवणाचा बेत: माझा अनुभव

माझ्या धाकट्या भावाचे लग्न ठरले आणि त्याच्या सासरची मंडळी नागपूरहून पहिल्यांदाच आमच्या पुण्याच्या घरी जेवायला येणार, असे मार्चच्या अखेरीस नक्की झाले. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्याने तिला ओट्याशी उभे राहता येत नव्हते, त्यामुळे घरची आणि पाहुणे मिळून बारा माणसांच्या स्वयंपाकाची जबाबदारी माझ्यावर आली. नोकरी सांभाळून, दोन बर्नरच्या शेगडीवर आणि एकाच फ्रिजच्या भरवशावर हे जेवण करायचे होते. बाहेरून जेवण मागवण्याचा पर्याय घरात निघाला होता, पण होणाऱ्या व्याह्यांना पहिले जेवण आपल्या हातचे वाढावे, अशी आईची आणि माझीही मनापासून इच्छा होती.

बेत ठरवण्याआधी मी होणाऱ्या वहिनीच्या आईंना फोन केला. कोणाला काय चालत नाही, हे विचारण्यात काही जणांना संकोच वाटतो. मला मात्र ती यजमानाची पहिली जबाबदारी वाटते. त्यांच्याकडून दोन महत्त्वाच्या गोष्टी कळल्या. त्यांच्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी होती आणि सोबत येणाऱ्या आजींना दात नसल्यामुळे कडक काही चावत नव्हते. पहिल्या गोष्टीमुळे कोशिंबिरीतला दाण्याचा कूट तर गेलाच, शिवाय आमच्याकडे रोजच्या वापरात असलेले शेंगदाण्याचे तेल बाजूला ठेवून त्या दिवसापुरते सूर्यफुलाचे तेल आणावे लागले. घरात मुरलेल्या वस्तूंमध्ये शेंगदाणा कुठे कुठे दडलेला असतो, हे डबे उघडून पाहिल्यावरच लक्षात येते: लसणाच्या चटणीतही तो होता, म्हणून तीही नव्याने केली.

पदार्थ निवडताना मी एकच कसोटी लावली. पाहुणे घरात आल्यानंतर गॅसपाशी उभे राहावे लागेल असा पदार्थ नको, कारण मंडळी बाहेर बसलेली आणि यजमानीण घामाघूम होऊन तळणीसमोर, असे जेवण कितीही चविष्ट असले तरी पाहुण्यांना अवघडल्यासारखे होते. या कसोटीवर श्रीखंडासोबतच्या पुऱ्या बाद झाल्या आणि आमच्या सोसायटीत पोळ्या करून देणाऱ्या काकूंना मऊसूत घडीच्या पोळ्या सांगितल्या. आईने सुचवलेली कोथिंबीर वडीही मी नाकारली, पण तिचे कारण वेगळे होते. नागपूरकडे कोथिंबिरीची पुडाची वडी, म्हणजे सांबारवडी, इतकी सुरेख करतात की त्यांच्यासमोर कोथिंबिरीचाच पदार्थ ठेवणे मला पटले नाही. पाहुण्यांच्या घरी जे उत्तम होते ते सोडून आपल्या बाजूचे जे उत्तम आहे ते वाढावे, म्हणून कोकणाकडे वळले आणि ताट ठरले: सुरळीची वडी, ओल्या काजूंची उसळ, खमंग काकडी, मसालेभात, सोलकढी आणि केशरी श्रीखंड.

श्रीखंडाला कष्ट थोडे आणि वेळ फार लागतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्या माणसासाठी ते फार सोयीचे पक्वान्न आहे. शनिवारच्या जेवणासाठी बुधवारी रात्री तीन लिटर म्हशीच्या दुधाला विरजण लावले. गुरुवारी कामावरून आल्यावर ते दही मलमलच्या ओल्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवले, वर वजन ठेवले, खाली पातेले ठेवले आणि हे सगळे रात्रभर फ्रिजमध्ये सरकवले; मार्चच्या उकाड्यात बाहेर टांगलेले दही सकाळपर्यंत आंबट झाले असते. शुक्रवारी सव्वा किलोच्या आसपास घट्ट चक्का मिळाला. त्यात वजनाच्या पाऊणपट साखर कालवून ती विरघळेपर्यंत दोन तास तसाच ठेवला आणि मग पुरणयंत्रातून काढला. साखर पूर्ण विरघळण्याआधी चक्का गाळला तर जिभेला कण लागतो, म्हणून या दोन तासांची घाई करू नये. कोमट दुधात खललेले केशर, वेलची आणि किंचित जायफळ घालून श्रीखंड पुन्हा फ्रिजमध्ये गेले. फडक्यातून गळलेले आंबटसर पाणी मी बाटलीत भरून ठेवले होते. त्याचा उपयोग पुढे सांगते.

ओले काजूगर मार्चमध्ये पुण्याच्या मंडईत कोकणातून येतात आणि महाग असतात, पण या जेवणात ज्याने पाहुण्यांचे डोळे विस्फारले तो पदार्थ हाच. ते सोललेलेच घ्यावेत, कारण ओल्या काजूच्या टरफलातला चीक हातांना भाजतो आणि ते काम सवयीच्या माणसांनीच करावे. घरी आणल्यावर कडकडीत पाण्यात वीस मिनिटे ठेवले की वरची तांबूस साल चिमटीने अलगद सुटते. हे काम आईने शुक्रवारी संध्याकाळी खुर्चीत बसून केले आणि स्वयंपाकात आपला हात लागल्याचे समाधान तिलाही मिळाले. शनिवारी सकाळी तेलात मोहरी, हिंग, हळद आणि कढीलिंबाची फोडणी करून काजू परतले, गरम पाणी घालून मंद आचेवर शिजू दिले. काजू बोटाने दाबल्यावर दुभंगेल इतका मऊ झाल्यावरच ओले खोबरे, जिरे, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांचे वाटण, थोडा गोडा मसाला, गूळ आणि सर्वांत शेवटी आमसूल घातले. आमसूल आधी पडले तर आंबटपणामुळे काजू शिजायला वेळ लागतो. ही उसळ सकाळी करून संध्याकाळी गरम केली की रस काजूत मुरतो आणि चव वाढते, म्हणून पाहुण्यांसाठी तिच्यासारखी दुसरी उसळ नाही असे माझे मत आहे.

सुरळीच्या वडीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ती अवघड असल्याचा समज पुष्कळ आहे आणि त्यामुळे अनेक जण ती विकतच आणतात. तिच्यासाठी लागणारे सामान प्रत्येक घरात असते. एक वाटी बेसन आणि तीन वाट्या पातळ आंबट ताक, एवढेच तिचे प्रमाण. मी ताकातले पाणी म्हणून चक्क्याचे राखून ठेवलेले पाणी वापरले, त्यामुळे हलका, नेमका आंबटपणा आला. बेसन आधी चाळून घ्यावे, ताक थोडे थोडे घालत गुठळी न होऊ देता कालवावे आणि आले-मिरचीचे वाटण फडक्यातून पिळून त्याचा फक्त रस घालावा, कारण मिरचीचा एखादा तुकडाही सुरळी गुंडाळताना ती फाडतो. हळद, मीठ आणि हिंग घालून मिश्रण जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ठेवले की हात थांबवायचा नाही. सुरुवातीला काहीच घडत नाहीसे वाटते. मग कडेने घट्ट होऊ लागते, रंग गडद होतो, बेसनाचा कच्चा वास जातो आणि डाव फिरवताना कढईचा तळ क्षणभर दिसून पुन्हा झाकला जातो. या टप्प्यावर चमचाभर मिश्रण ताटाच्या पाठीवर पातळ पसरून मिनिटभर थांबावे आणि कड उचलून पाहावी. ती सुटून गुंडाळली गेली तर मिश्रण तयार आहे. चिकटून राहिली तर आणखी दोन मिनिटे शिजवावे. या परीक्षेशिवाय मी कधीही सगळे मिश्रण पसरत नाही.

त्यानंतरची तीन-चार मिनिटे मात्र चपळाईची असतात. मिश्रण गरम असतानाच स्टीलच्या ताटांच्या पालथ्या पाठीवर उलथन्याने एकाच दिशेने ओढत पसरावे लागते; निवले की ते गोळा होते. ताटाला मी तेल लावत नाही, कारण तेलावरून मिश्रण घसरते आणि थर जाड राहतो. नवऱ्याने ताटे धरायची आणि मी पसरायचे, अशी आमची विभागणी होती आणि दुसरा माणूस हाताशी असणे या एका पदार्थासाठी खरोखर मोलाचे आहे. थर निवल्यावर त्यावर ओले खोबरे आणि बारीक चिरलेली कोथिंबीर भुरभुरवली, सुरीने दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि बोटांच्या टोकांनी गुंडाळत नेल्या. पिवळ्या, गुळगुळीत, कागदासारख्या पातळ सुरळ्या ताटात एकीला एक लागून बसल्या. वर मोहरी, हिंग आणि तिळाची फोडणी घातली. दुपारी चारला केलेल्या वड्या ओलसर फडक्याखाली संध्याकाळपर्यंत तशाच मऊ राहिल्या आणि आजींना त्या चावाव्याही लागल्या नाहीत.

मसालेभातासाठी मी बासमतीऐवजी मुळशीकडचा आंबेमोहोर घेतला, कारण गोडा मसाला आणि आंबेमोहोराचा वास यांचे जे जुळते ते लांब दाण्याच्या तांदळात येत नाही. तो चिकट होतो ही तक्रार खरी आहे; पण तांदूळ धुऊन अर्धा तास निथळू दिला, फोडणीत तोंडली आणि मटार यांच्यासह दाणा मोकळा होईपर्यंत परतला आणि मोजून दुप्पट उकळते पाणी घातले, तर भात मऊ तरी सुटा होतो. पाहुणे येण्याच्या तासभर आधी तो शिजून झाला आणि पातेल्याखाली तवा ठेवून अगदी मंद आचेवर गरम राहिला. सोलकढीसाठी आमसुले दोन तास कोमट पाण्यात भिजवून काढलेला अर्क काचेच्या बरणीत आणि दोन नारळांचे दूध वेगळ्या भांड्यात ठेवले होते. लसूण, मिरची आणि जिरे ठेचून घालून दोन्ही एकत्र केले ते ताटे मांडताना, कारण आधी मिसळलेली सोलकढी उभी राहून फुटल्यासारखी दिसते. आमसुलांना मीठ लागलेले असते, म्हणून चव घेतल्याखेरीज वरून मीठ घालू नये. खमंग काकडीत दाण्याच्या कुटाची जागा भाजलेल्या तिळाच्या कुटाने घेतली आणि मीठ अगदी शेवटी पडले.

मंडळी साडेसातला आली, तेव्हा मी हात धुऊन त्यांच्यासोबत बाहेर बसू शकले, याचा मला त्या संध्याकाळी सर्वांत जास्त आनंद झाला. जेवण आम्ही ताटात रीतसर वाढले: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी आणि काकडी, उजवीकडे उसळ, मध्ये भाताची मूद आणि त्यावर साजूक तूप. साध्या पदार्थांना भारदस्तपणा येतो तो पुष्कळसा या मांडणीने, आणि तिला पैसा लागत नाही. उसळीची चव गोडसर असल्याने नागपुरी जिभेला ती मवाळ वाटेल, हे गृहीत धरून मी मिरचीचा ठेचा वेगळा ठेवला होता. वहिनीच्या वडिलांनी तो दोनदा मागून घेतला. आजींना मी भात थोडा कुस्करून उसळीच्या रसासोबत वाढला. त्या म्हणाल्या, "काजू इतका मऊ असतो हे या वयात कळलं बघ पोरी."

जेवणानंतर वहिनीच्या आई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी विचारले, "ताई, ही वडी एवढी पातळ पसरता कशी तुम्ही?" मी कढई दाखवून तळ दिसण्याची खूण सांगितली, त्यांनी मला सांबारवडीच्या सारणात खसखस आणि सुके खोबरे कसे भाजून घालायचे ते सांगितले, आणि आईसकट आम्ही तिघी बराच वेळ तिथेच बोलत राहिलो.

आता भावाच्या केळवणांचे दिवस आहेत आणि हाच बेत मी हंगामाप्रमाणे थोडा बदलून पुन्हा करणार आहे. ओले काजू संपल्यावर साधे काजू चार-पाच तास कोमट पाण्यात भिजवून त्याच वाटणात घालता येतात, फक्त ते लवकर शिजतात म्हणून लक्ष ठेवावे लागते. मे महिन्यात चक्क्यात हापूसचा रस घातला की आम्रखंड होते, मात्र रसाच्या गोडीप्रमाणे साखर कमी करावी आणि रस आधी आटवून घ्यावा, नाहीतर ते पातळ होते. पावसाळ्यात सुरळीच्या वडीच्या जागी अळूवडी ठेवावी; तिचे उंडे आदल्या दिवशी उकडून फ्रिजमध्ये ठेवता येतात आणि चकत्या परतायला दहा मिनिटे पुरतात. थंडीत हिरवे मटार आणि पावटे मुबलक असतात, तेव्हा उसळ त्यांची करावी.