काचेच्या खोलीतील सिगारेट

पुण्यात नोकरीला असताना सिगारेट ही मला चहाचीच एक पुरवणी वाटत असे. टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेल्या लायटरवर सुट्टी सिगारेट पेटवायची, कटिंग संपेपर्यंत झुरके घ्यायचे आणि थोटूक बुटाखाली चिरडायचे. 2016 मध्ये टोकियोत आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसबाहेरच्या फुटपाथवर मी तसेच करू लागलो, तेव्हा सोबतच्या वयस्क जपानी सहकाऱ्यांनी काही न बोलता खिशातून चंदेरी अस्तराची एक चपटी पिशवी काढून माझ्यापुढे धरली. ती खिशात बाळगायची राखदाणी होती. सिगारेट तिच्यात विझवून बटण लावल्यानंतरच त्यांनी मला जमिनीवर रंगवलेली धूम्रपानबंदीची खूण दाखवली.

त्याच संध्याकाळी इझाकायात, म्हणजे इथल्या खाण्यापिण्याच्या छोट्या हॉटेलात, हेच गृहस्थ शेजारच्या टेबलावर लोक जेवत असताना निवांतपणे धूर सोडत बसले. हा उलटा न्याय मला बरेच दिवस उमगला नाही. टोकियोच्या चियोदा विभागाने 2002 मध्येच रस्त्यावर सिगारेट ओढणाऱ्यांना 2000 येन दंड लावायला सुरुवात केली होती. गर्दीत चालणाऱ्या माणसाच्या हातातील पेटती सिगारेट लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीवर येते, ही इथली मोठी धास्ती. हॉटेलांतील बंदी पूर्णपणे लागू व्हायला मात्र एप्रिल 2020 उजाडले, आणि त्यातूनही छोट्या जुन्या हॉटेलांना पळवाट राहिलीच. शिष्टाचार आधी आणि आरोग्य मागाहून, असा हा क्रम आहे. तंबाखू 1985 पर्यंत सरकारी मक्तेदारीत होती आणि जपान टोबॅको या सिगारेट कंपनीचे एक तृतीयांशाहून अधिक शेअर आजही कायद्यानेच सरकारकडे आहेत, हे लक्षात घेतले की त्याचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

1960च्या दशकाच्या मध्यास इथले 80 टक्क्यांहून अधिक पुरुष सिगारेट ओढत. आता नारा प्रांतातील इकोमा शहराच्या पालिकेने 2018 मध्ये असा नियम केला आहे की, सिगारेट ओढून आलेल्या कर्मचाऱ्याने 45 मिनिटे लिफ्ट वापरू नये. आमच्याकडे असा नियम नाही; पण लिफ्टमधील एका बाईंनी हळूच रुमाल नाकाशी नेलेला पाहिल्यापासून मी आपणहून जिना चढतो.

स्टेशनाजवळच्या, सिगारेट ओढण्यासाठी असलेल्या काचेच्या खोलीत मात्र मला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली. टपरीवर आपण गप्पांसाठी ओढतो, अशी मी मनाची समजूत घालत आलो होतो. या खोलीत दहा-बारा माणसे मोबाइलकडे पाहत उभी असतात, कोणी कोणाशी बोलत नाही, धुराने डोळे चुरचुरतात, आणि तरीही मी भर पावसात तिथवर चालत जात होतो. गप्पा वजा झाल्या तरी तलफ जागची हलली नव्हती.

इथल्या आरोग्य विम्यात 2006 पासून व्यसनमुक्तीचे उपचार बसतात: बारा आठवडे, पाच भेटी. डॉक्टर प्रत्येक वेळी एका नळीत फुंकायला लावतात आणि श्वासातील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा समोर ठेवतात. पहिल्यांदा दंडाला निकोटिनचा पॅच लावून मी तिसऱ्याच दिवशी हरलो होतो. या खेपेस चौथी भेट झाली आहे. आकडा 23 वरून 3 वर आला आहे, आणि पाचवी भेट पुढच्या गुरुवारी आहे.