‘इल सोर्पासो’ची फोतोबुस्ता

नोकरीसाठी इटलीतल्या तोरिनोला (ट्युरिन) आले तेव्हा मला लान्चा कंपनी माहीत होती ती गाड्यांच्या इंजिनांमुळे. मग दिग्दर्शक दिनो रिझी यांचा १९६२चा ‘इल सोर्पासो’ हा सिनेमा पाहिला. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत ओस पडलेल्या रोममधून व्हित्तोरिओ गासमान आणि जाँ-लुई त्रँतिन्याँ ज्या उघड्या गाडीतून निघतात, ती याच शहरातल्या लान्चाची आउरेलिया बी-२४. ती गाडी असलेली, त्या काळात छापलेली फोतोबुस्ता मला हवी होती.

लॉबी कार्डाला, म्हणजे थिएटरात जाहिरातीसाठी लावायच्या सिनेमाच्या छापील कागदाला, इटलीत फोतोबुस्ता म्हणतात. भिंतीवरचं पोस्टर १०० बाय १४० सेंटिमीटरचं किंवा त्याच्या दुप्पट, उभी अरुंद लोकांदीना ३३ बाय ७०ची, आणि फोतोबुस्ता बहुधा आडवी, मला मिळाली ती साधारण ५० बाय ७०ची. मोठ्या पोस्टरांवर अन्सेल्मो बालेस्तेर, एर्कोले ब्रीनी, सिल्वानो कांपेज्जी अशा चित्रकारांचं राज्य, आणि संग्राहकांचे बहुतेक पैसेही तिकडेच जातात. फोतोबुस्तेत मात्र सिनेमातलं छायाचित्र असतं. सिनेमा कृष्णधवल असला तरी त्या छायाचित्रात अनेकदा रंग भरलेले असतात. माझ्या प्रतीत आकाश निळंभोर आहे. ते निळं पडद्यावर कोणीच पाहिलेलं नाही, छापखान्यात कोणीतरी ठरवून भरलेलं आहे. मला या कागदांची ओढ आहे ती त्यासाठीच.

बोर्गो दोरा भागात दर शनिवारी बालोन नावाचा जुना बाजार भरतो आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ग्रान बालोन. कागद विकणारे एक वयस्कर गृहस्थ तिथे बसतात. त्यांच्या फाइलीत ती सापडली. घाई न करता तपासू दिली, हे त्यांचं मोठेपण.

पहिली गोष्ट घडी. बोट फिरवल्यावर घडीची रेघ हाताला लागली पाहिजे. नव्या नकलांमध्ये घडी फक्त छापलेली असते, कागद सपाटच. मग भिंग. जुन्या ऑफसेट छपाईत ठिपके ओळीने, फुलासारखे गुंफलेले दिसतात. घरगुती प्रिंटरवर काढलेल्या प्रतीत बारीक फवारा दिसतो. नंतर खालची कडा, तिथे छापखान्याचं नाव शोधायचं. शेवटी ‘रिएदित्सिओने’, म्हणजे सिनेमा काही वर्षांनी पुन्हा लागला तेव्हाची छपाई, तर नाही ना हे पाहायचं. पुन्हा लावताना पुष्कळदा वितरक बदलतो, मांडणी बदलते आणि किंमतही उतरते. कागदावर दर वेळी साल असतंच असं नाही, म्हणून वितरकाचं नाव पहिल्या प्रदर्शनाच्या वेळच्या जाहिरातींशी ताडून पाहिलं. जुळलं.

खरी डोकेदुखी होती मागच्या बाजूची चिकटपट्टी. कोणीतरी फाटलेली कड जोडायला लावलेली, आणि तिचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरलेला. अशी पट्टी स्वतः ओढायची नाही. मी शहरातल्या कागद-संवर्धकबाईंकडे गेले. त्यांनी आधी कोपऱ्यात ओलसर कापूस टेकवून शाई सुटते का ते पाहिलं, पट्टी हलक्या उष्णतेने सोडवली, डाग द्रावकाने जितका निघाला तितका काढला आणि फाटलेल्या जागी मागून जपानी कागद गव्हाच्या खळीने चिकटवला. ही खळी पुढे पाण्याने सुटते, म्हणजे उद्या कोणाला पुन्हा दुरुस्ती करायची झाली तर वाट मोकळी राहते.

चार कोपऱ्यांतली टाचण्यांची भोकं बुजवू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. ती थिएटरच्या फळ्यावरची आहेत, तो तिच्या कामाचा भाग आहे. डागाची फिकट सावली राहिली तीही राहू दिली.

या दुरुस्तीला कागदाच्या किमतीइतकाच खर्च आला. फ्रेमला आम्लविरहित पुठ्ठा आणि अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक लावून घेतलं. उन्हात रंग उडतील अशी मला धास्ती होती, म्हणून ती खिडकी नसलेल्या बोळात टांगली आहे.