टाचेवरचा जांभळा डाग

अमेरिकेतल्या रुग्णालयांचे इनपेशंट चार्ट कोड करायला, म्हणजे दाखल रुग्णांच्या नोंदी वाचून निदानांना ठरलेले कोड लावायला, लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते. शय्याव्रण, म्हणजे आपण ज्याला बेडसोर म्हणतो, त्याचं कोडिंग मला हातचा मळ वाटायचं. एल८९ हा त्याच्या कोडांचा गट उघडायचा, जागा शोधायची, डावी की उजवी बघायचं, स्टेजनुसार, म्हणजे जखमेच्या खोलीनुसार, शेवटचा अंक लावायचा, झालं. मग तो चार्ट आला आणि आठवडाभर माझ्या यादीत मुक्काम ठोकून बसला.

रुग्ण वयस्कर, घरात पडून खुबा मोडलेला, कुणाच्या लक्षात येईपर्यंत कित्येक तास जमिनीवरच. (ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.) दाखल होतानाच्या नर्सिंग नोंदीत त्वचेसमोर एकच शब्द: 'इन्टॅक्ट'. तिसऱ्या दिवशी वूंड केअर नर्सने लिहिलं, डाव्या टाचेवर गडद जांभळा डाग, कातडी शाबूत, दाबलं तरी रंग फिका होत नाही, डीटीआय (डीप टिश्यू इंज्युरी, म्हणजे कातडीखालच्या मांसाची इजा). पाचव्या दिवशी वॉर्डातली नर्स म्हणते, त्याच टाचेवर रक्ताने भरलेला फोड, स्टेज २. आणि डॉक्टरांच्या एकाही नोटमध्ये टाचेचं नाव नाही.

मी एल८९.६२० लावून मोकळी झाले. डावी टाच, अनस्टेजेबल, म्हणजे स्टेज ठरवता न येणारी. माझ्याकडे सीनियरकडून आलेला एक तक्ता होता, त्यात डीटीआयसमोर तेच होतं. तक्ता जुना निघाला. १ ऑक्टोबर २०१९ पासून डीटीआयला स्वतःचा सहावा अंक आहे, ६. म्हणजे डाव्या टाचेला एल८९.६२६. आणि हे वेगळं करणं योग्यच होतं. अनस्टेजेबलमध्ये जखमेवर मृत पेशींचा थर किंवा काळी खपली असते, म्हणून खोली दिसत नाही. डीटीआयमध्ये वर झाकण काहीच नसतं. हाडाजवळचं मांस आत दबून खराब झालेलं असतं आणि कातडी अजून तग धरून असते.

चार्ट क्यूएकडून, म्हणजे आमचे कोड तपासणाऱ्यांकडून, परत आला. मला वाटलं, ०चा ६ करायचा आणि सोडून द्यायचा. पण शेऱ्यात त्या अंकाबद्दल शेवटी अर्धी ओळ होती. आधी विचारलं होतं: 'निदान कोणी केलंय?'

इथे माझी विकेट पडली. नियम मला पाठ होता: स्टेज नर्सच्या नोंदीवरून घेता येते, पण दाबामुळे झालेली जखम आहे हे निदान उपचार करणाऱ्या प्रोव्हायडरचंच लागतं. पाठ असलेला नियम चार्टसमोर बसल्यावर आठवला नाही, एवढंच. म्हणजे ०ही चूक, ६ही चूक. त्या क्षणी टाचेला कोडच देता येत नव्हता.

मग क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न. पहिली मी अशी लिहिली: 'रुग्णाला दाखल होतानाच डाव्या टाचेची डीप टिश्यू इंज्युरी होती का? हो / नाही.' आमच्या वरच्या मॅडमनी ती पाठवूच दिली नाही. "अगं, जे निदान डॉक्टरांनी लिहिलंच नाही, ते तू त्यांच्या तोंडात घालतेयस." हो-नाही प्रश्न दाखल होतानाच्या स्थितीबद्दल, म्हणजे पीओएबद्दल चालतो, पण निदान आधी नोंदलेलं असेल तरच. नवीन निदान हो-नाहीत विचारायचं नाही.

दुसरी क्वेरी लिहायला तासभर गेला. तिन्ही नोंदी तारीख-वेळेसकट जशाच्या तशा उतरवल्या, जमिनीवर पडून राहिल्याची इमर्जन्सीतली ओळही टाकली. खाली पर्याय: दाबामुळे झालेली डीप टिश्यू इंज्युरी, स्टेज २, मार लागून झालेली जखम, इतर, सांगता येत नाही. माराचा पर्याय उगाच नव्हता. हा माणूस पडलेलाच होता आणि कोडांच्या इंडेक्समध्येही 'दाबामुळे' हा धागा सुटला की डीप टिश्यू इंज्युरी थेट मुक्या माराकडे जाते.

फोडाचा घोळ मात्र मला आवडला. कोडच्या वर्णनात स्टेज २ खाली 'ब्लिस्टर' शब्द आहे, त्यामुळे वॉर्डातली नर्स बरोबर वाटते. पण प्रेशर इंज्युरीच्या २०१६च्या व्याख्यांत फरक स्पष्ट केलाय: पाण्यासारख्या द्रवाचा फोड स्टेज २, रक्ताचा फोड डीटीआय. मला माहीत होतं म्हणून मी निवडायचं नाही; दोन नोंदी भांडत असतील तर निवाडा अटेंडिंग, म्हणजे रुग्णाची मुख्य जबाबदारी असलेल्या, डॉक्टरांचा.

उरला पीओए. दाखल झाल्यानंतर उद्भवलेल्या स्टेज ३ आणि ४ साठी मेडिकेअर (अमेरिकेतला सरकारी आरोग्यविमा) १ ऑक्टोबर २००८ पासून वाढीव पैसे देत नाही. डीटीआय त्या यादीत नाही, पण तो फुटून ३ किंवा ४ होऊ शकतो, म्हणून पहिल्या दिवसाच्या नोंदीवर सगळ्यांचा डोळा. आणि गंमत अशी की दाब पडल्यापासून डाग वर दिसायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. गडद वर्णावर तर रंगाआधी दुखणं किंवा स्पर्शाला गरम-गार लागणं जाणवतं. तेव्हा पहिल्या दिवशीचा 'इन्टॅक्ट' खोटा नव्हता, पण पुरेसाही नव्हता. हे गणित मी मनात मांडलं तरी त्यावरून 'वाय' (पीओएला 'हो') लावायचा अधिकार माझा नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. डाव्या टाचेची दाबामुळे झालेली डीप टिश्यू इंज्युरी. दाखल होण्याआधी बराच वेळ जमिनीवर, त्यामुळे दाखल होतानाच होती. एल८९.६२६, पीओए वाय. क्वेरीत मी पीओएबद्दल वेगळा प्रश्न टाकायचा विसरले होते; डॉक्टरांनी आपणहून लिहिलं म्हणून वाचले, नाहीतर तिसरी क्वेरी होती.

तक्ता त्याच दिवशी फाडला.