तुरीचे टरफल आणि चार डोकी

उदगीरजवळच्या आमच्या डाळ मिलच्या गल्ल्यावर वडिलांनंतर मी बसू लागले, तेव्हा माझी समजूत अशी होती की अडचण सोडवायला हुशार माणूस लागतो. तो मिळाला की काम झाले. ही समजूत मोडायला तुरीचा एक हंगाम आणि फेब्रुवारीतला एक अवकाळी पाऊस पुरेसा ठरला.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तुरीच्या दाण्याला टरफल डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेले असते, त्यामुळे हरभऱ्यासारखी ती सहज फुटत नाही. आधी रोलरवर टरफलाला ओरखडे पाडायचे, थोडे तेल चोळायचे, मग ठियावर, म्हणजे वाळवणाच्या अंगणात, उन्हात पसरून दोन-चार दिवस वाळवायचे आणि रात्री ढीग करून ठेवायचे, म्हणजे टरफल आकसते, डिंक सुटतो आणि दाण्याचा गोटा, म्हणजे टरफलाविना अख्खा दाणा, स्वच्छ निघतो. दाण्यात टरफलाचा वाटा साधारण ११ ते १५ टक्के असतो; म्हणजे शंभर किलोमागे ८५ किलोच्या आसपास डाळ निघायला हवी, पण बहुतेक मिलमध्ये ती ७० ते ७५ किलोच निघते. उरलेले खंडा म्हणजे तुटकी डाळ आणि चुणी म्हणजे भुकटी यांत जाते, आणि आमचा नफा-तोटा याच दहा-बारा किलोंत दडलेला असतो.

त्या फेब्रुवारीत आठ दिवस आभाळ दाटून होते. तेल लावलेली तूर आम्ही शेडमध्ये पातळ पसरून पंखे लावले. रोलरवर घातली तर टरफल जागचे हलेना, दाब वाढवला तर दाणा फुटे, आणि हातात नुसता खंडा येई.

माझा धाकटा भाऊ परभणीच्या कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकी शिकून आलेला. त्याने पहिल्याच दिवशी प्रश्नच उलटा केला, की उन्हावर अवलंबून राहायचेच कशाला? म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने गरम हवा देऊन, मग दाणा कोठीत काही तास मुरवून, टरफल सैल करण्याची पद्धत केव्हाच विकसित केली आहे. आपणही तसे यंत्र घेऊ, असे त्याचे म्हणणे. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळी मिल चाचा म्हणते, त्यांना हे ऐकवेना. "बेटा, यंत्र येईपर्यंत आभाळ मोकळं होईल. आधी चाळणी बघा, लहान-मोठा दाणा एकत्र जातोय." दोघेही बरोबर होते आणि दोघेही एकमेकांना अडाणी समजत होते.

मायकेल कर्टन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये नेमके हेच मांडले होते. काही माणसे आहे त्या चौकटीत राहून काम अधिक नेटके करतात, तर काही चौकटच बदलायला निघतात. दोन्ही तऱ्हांनी नवे घडते, आणि कोण कोणत्या तऱ्हेचा आहे याचा त्याच्या कुवतीशी संबंध नसतो. त्याच्या मोजपट्टीवर गुण ३२ पासून १६० पर्यंत जातात, आणि कोणतेही टोक चांगले वा वाईट मानले जात नाही. मला त्याच्या मांडणीतला पुढचा भाग अधिक पटतो: गटापुढे मूळ अडचण असतेच, पण एकमेकांच्या तऱ्हा सांभाळण्याची दुसरी अडचणही असते, आणि ती पहिलीपेक्षा जास्त शक्ती खाऊ शकते. आमची तीन दिवसांची शक्ती तिनेच खाल्ली.

चौकटीतले काम कमी प्रतीचे मानायची खोड आपल्याकडे आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते आठवून पाहा. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख. यात नवे यंत्र एकही नव्हते. रूळ होते, वाघिणी होत्या, त्या राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात धुऊन घेतल्या, एवढेच. पण तहानलेल्या शहरासाठी ती जोडणी नवीनच होती.

आमची कोंडी फोडली ती हिशेब लिहिणाऱ्या काकूंनी, ज्यांचे मत तोवर कुणी विचारलेच नव्हते, हा दोष माझा. त्या प्रत्येक लॉटची नोंद ठेवतात. वही माझ्यापुढे उघडी ठेवून त्यांनी बोट दाखवले: बारीक-जाड मिसळलेल्या लॉटांचा खंडा सगळ्यांत जास्त होता. चाचांचे म्हणणे कागदावर उतरले. मग त्या सहज म्हणाल्या, "आमची आई पावसाळी दिवसांत तूर घमेल्यात गरम करायची आणि गरम-गरमच गोणपाटाखाली दडपून ठेवायची. पसरायची नाही." भाऊ ताडकन उठला. कोठीत मुरवणे म्हणजे हेच, असे तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच चाचांकडे वळून त्याने विचारले, "चाचा, गरम करायला काय मिळेल?"

चाचांनी संध्याकाळपर्यंत फुटाणे भाजण्याच्या भट्टीचा एक जुना ड्रम आणून बसवला, मात्र अट घातली की तूर आधी चाळून वेगळी करायची, नाहीतर बारीक दाणा करपेल. गरम तूर विटांच्या खोलीत ढीग करून, गोणपाटांनी झाकून, सकाळपर्यंत ठेवली. सकाळी चाचांनी मूठभर दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडले. टरफल बाजूला झाले. चाचांनी काही न बोलता ती मूठ भावापुढे धरली.

आमचे फार मोठे यश म्हणून हे मी लिहीत नाही. डाळीचा रंग किंचित काळपट आला, आडत्याने फटका डाळीचा, म्हणजे वरच्या प्रतीच्या डाळीचा, भाव द्यायला नकार दिला, आणि चाचांचा पहिला अंदाज खरा ठरून त्यानंतर पाचव्या दिवशी ऊन पडले. पण मिल बंद राहिली नाही, आणि खंडा निम्म्यावर नसला तरी डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला.

यंदा भावाने गरम हवेच्या यंत्राचे दरपत्रक पुन्हा माझ्या टेबलावर ठेवले आहे. या वेळी मी ते आधी काकूंकडे पाठवले. त्यांनी वहीत तापमानाचा एक नवा रकाना आखला आहे, आणि चाचा म्हणतात की यंत्र येवो न येवो, चाळणी मात्र बदलायचीच.